मेहुणे, धावपट्टी मोकळी आहे

हॅरिसन आतोबांच्या तोंडून मी माझ्या बापाचं नाव काढवलं, तेही चर्चच्या भोंग्यावरून, अर्धं नेरेव बेट विमानतळावर जमलेलं असताना. मला वाटलं होतं, लोक हसतील. एक जण हसलाही. तो मीच होतो.

हॅरिसन म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा. म्हणजे माझे बाबा त्यांचे मेहुणे. आणि आमच्याकडे बायकोच्या भावाचं नाव घेत नाहीत. झोपेत घेत नाहीत, तापात घेत नाहीत, बोट उलटली तरी "अहो, मेहुणे बुडताहेत!" असंच ओरडतात. त्याच्या डोक्यावरून हात नेऊन काही काढायचं नाही, त्याची थट्टा करायची नाही. थट्टा करायला देवानं दुसरा माणूस दिलेला आहे, तो म्हणजे आत्याचा नवरा. आतोबाची टिंगल करणं हे आमच्या बेटावर भाच्याचं कामच आहे. न करणाऱ्या भाच्याला लोक विचारतात, "काय रे, भांडलात की काय?" तर मी काम चोख करत होतो. नको तितकं चोख.

आमचा विमानतळ म्हणजे गवताची एक पट्टी. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला डोंगर आणि मधे, विमान नसेल त्या दिवशी, गुरं. इंग्रज आणि फ्रेंच दोघेही आमच्यावर राज्य करत होते आणि दोघांपैकी एकही रस्ता करत नव्हता, त्या दोन झेंड्यांच्या शेवटच्या वर्षांत गावानं ती पट्टी हातानं तयार केली. पुरुषांनी नारळाची झाडं पाडली, मुळं खणून काढली. बायकांनी किनाऱ्यावरून टोपल्या भरभरून पोवळ्याचा खडक आणून ओतला. जमीन बाबांच्या कुळाची. कूळ आमच्यात आईकडून चालतं, म्हणून त्या पट्टीवर बाबांचा आणि आत्याचा हक्क, माझा काही नाही. मी तिथला नुसता हमाल.

पहिलं विमान आलं तेव्हा आतोबांचं लग्न नुकतंच झालेलं होतं. ते सांगतात की उतरलेल्या विमानाचा पंख त्यांनी हातानं धरून ठेवला, नाहीतर वाऱ्यानं उडून गेलं असतं. आत्या सांगते, "पंख कसले धरताहेत! आवाज ऐकला तशी स्वारी फणसाच्या रानात. मीच ओढून आणली." दोघांचंही खरं असेल. परत आल्यावर धरला असेल पंख. त्या पहिल्या वैमानिकानं जमलेल्या लोकांना विचारलं, "इथं इंग्रजी कोणाला येतं?" सगळे एक पाऊल मागे सरकले. आतोबांना प्रश्न कळला नव्हता, ते जागेवर उभे राहिले. असे ते एजंट झाले. इंग्रजी मग रेडिओवर शिकले.

एजंट म्हणजे सगळंच. गवत कापायचं, गुरं हाकलायची, डबक्यात पाय घालून पाणी किती आहे ते बघायचं, रेडिओवर वारा सांगायचा, माणसं काट्यावर उभी करून वजन घ्यायचं. वजनात त्यांचा शिरस्ता असा की बायकांचं जरा कमी सांगायचं, कारण बरं दिसत नाही, आणि ती घट याम कंदांच्या टोपल्यांवर चढवायची. जुने वैमानिक म्हणत, "नेरेवच्या बायका वाऱ्यासारख्या आणि याम दगडासारखे." एकदा आतोबांनी खेकड्यांची टोपली नीट बांधली नाही आणि नारळ फोडणारा एक खेकडा वैमानिकाच्या बुटावर चढला. विमान हवेत होतं. तो वैमानिक परत कधी आला नाही, पण खेकडा त्यानं सांतोहून, म्हणजे मोठ्या बेटावरून, बोटीनं परत पाठवला, बांधून. आतोबांनी तो खाल्ला. म्हणाले, "जग पाहून आलेला खेकडा आहे, चव वेगळी लागते."

कंपनीनं नाव बदललं, रंग बदलला, पुन्हा नाव बदललं. आठवड्यातून एकदा येणारं विमान दोनदा यायला लागलं. पानांच्या छपराखालचा बाक गेला, सिमेंटची खोली आली. तिला खिडकी दोन वर्षांनी आली. या सगळ्यात आतोबांची टोपी मात्र पहिल्या कंपनीचीच राहिली. त्या टोपीवर त्यांचा भारी जीव. पाऊस आला की डोकं भिजू देत आणि टोपी शर्टात घालत.

मग ते विमान आलं, ज्याच्या शेपटीवरचं शेवटचं अक्षर व्ही होतं. रेडिओवर नुसतं व्ही म्हणत नाहीत, खरखरीत ते बी ऐकू येतं. प्रत्येक अक्षराला एक नाव ठरलेलं असतं. व्ही म्हणजे व्हिक्टर. आणि व्हिक्टर म्हणजे माझे बाबा.

पहिल्या दिवशी रेडिओतून आवाज आला, "नेरेव, नेरेव, व्हिक्टर बोलतोय. धावपट्टी कशी आहे?" आतोबांच्या हातातला मुठीएवढा माईक तसाच राहिला म्हणतात. येणाऱ्या विमानाला हाक तर द्यायलाच हवी, आणि हाक मारायची तर नाव घ्यायला हवं. शेवटी त्यांनी घसा साफ केला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि म्हणाले,

"मेहुणे, धावपट्टी मोकळी आहे. वारा समुद्राकडून. या."

तेव्हापासून ते विमान मेहुणे झालं. वैमानिकांना कळलं, त्यांनीही चालवून घेतलं. आवाज आला की पोरं रस्त्यानं ओरडत सुटत, "मेहुणे आले! मेहुणे आले!" दुकानदारीण विचारी, "मेहुण्यांनी साखर आणली का?" पावसात विमान चुकलं की म्हणत, "मेहुणे रुसले." बाबा हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करत. पण गुरुवारी मेहुणे उतरायच्या वेळेला ते हटकून विमानतळावर असत, आणि त्या दिवशी त्यांच्या अंगात धुतलेला शर्ट असे.

मी सांतोच्या शाळेत शिकून परत आलो. शाळेत माणसाला दोन गोष्टी शिकवतात, इंग्रजी बोलायला आणि घरच्यांना हसायला. दोन्हीत मी बरा होतो. आतोबांनी मला सामान उचलायला घेतलं. मी येताच दोन सुधारणा केल्या. पहिली, काट्यावरची धूळ पुसली. दुसरी, चर्चचा भोंगा आणून रेडिओला जोडला, म्हणजे जमलेल्या लोकांना विमान कुठपर्यंत आलं ते ऐकू जाईल. लोक खूश झाले. आतोबाही झाले. भोंग्यावरून आपला आवाज डोंगरावर आपटून परत येतो हे कळल्यावर ते वारा जरा जास्तच सविस्तर सांगू लागले.

"आतोबा, तुम्ही वाऱ्याचं वर्णन करताय की त्याची सोयरीक जमवताय?" मी विचारी.

"गप रे. तुला वजन मोजता येईना, आणि मला शिकवतोय."

"मोजता येतं, म्हणून तर पंचाईत झाली. काल तुमच्या त्या रूथकाकूंचं खरं वजन सांगितलं, तर अजून माझ्याशी बोलत नाहीत."

"नाहीच बोलणार. सांतोला वजन सांगायला शिकवतात, कोणाला सांगायचं ते नाही शिकवत."

त्या साली सांतोला डोळ्यांचे परदेशी डॉक्टर आले. मेरिअम आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला चूल दिसे, पण जाळ की निखारे ते कळत नसे. हात भाजलेले असत. आतोबा तिला घेऊन गेले नाहीत, कारण मग मेहुण्यांना कोण उतरवणार? ती एकटीच गेली. डाव्या डोळ्याचं झालं. उजवा पुढच्या पंधरवड्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मधे ते दुसऱ्या बेटावर जाऊन येणार, एक दिवस सांतोला थांबणार आणि मायदेशी परत. चुकलं तर पुढच्या वर्षी, तेही आले तर. तेवढे दिवस सांतोत भात आणि डब्यातला मासा खात बसायला आत्या तयार नव्हती. ती गुरुवारच्या विमानानं घरी यायला निघाली.

त्याच आठवड्यात नवा वैमानिक आला होता. डॅरेन, न्यूझीलंडचा, नाकावर ऊन लागून सोललेला, माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठा असेल. मंगळवारी मी विमानातून तांदळाची पोती उतरवत होतो, तेव्हा त्यानं विचारलं, "तुमचा म्हातारा मला रेडिओवर काय म्हणतो रे? बाकी कळतं, तो एक शब्द समजतच नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. तो एवढा हसला की मलाही चढली. माझी इंग्रजी कोणाला तरी उपयोगी पडत होती. मी म्हणालो, "गुरुवारी मजा करा. त्यांना म्हणा, पूर्ण नाव घेतल्याशिवाय मी उतरत नाही. बघा कसे घाम पुसतात."

एवढंच. माझी कल्पना अशी की आतोबा घाम पुसतील, दोनचार वेळा "मेहुणे, मेहुणे" करतील, लोक हसतील, मग वैमानिक म्हणेल बरं बरं, आणि मला वर्षभर पुरेल असा किस्सा मिळेल. आतोबा नाव घेतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कोणाच्याच आलं नसतं.

गुरुवारी विमानतळावर तोबा गर्दी होती. आत्याचा डोळा बघायला अर्धं गाव आलं होतं. बाबा नेहमीच्या आंब्याखाली, धुतलेल्या शर्टात. डोंगराकडून ढग उतरत होते. भोंगा खरखरला.

"नेरेव, व्हिक्टर बोलतोय."

"मेहुणे, धावपट्टी मोकळी आहे. डोंगराकडून ढग येताहेत, लवकर या."

"नेरेव, कोणाशी बोलताय? विमानाचं पूर्ण नाव सांगा."

आतोबा गोंधळले. "मेहुणे, तुमच्याशीच बोलतोय. दुसरं कोण आहे आकाशात?"

लोक हसले. मीही. इथंच थांबायला हवं होतं.

"नेरेव, नाव न घेता उतरता येत नाही. नियम आहे. नाव सांगा, नाहीतर मी परत फिरतो."

विमान आमच्या डोक्यावरून एकदा गेलं. ढग पट्टीच्या टोकाला टेकले. मी आतोबांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर खरंच घाम होता, माझ्या म्हणण्याप्रमाणे. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. मला अजून वाटत होतं, आता खोकतील, आता काहीतरी गमतीचं बोलतील.

"माझी बायको आहे तुमच्यात," ते हळूच म्हणाले. भोंग्यानं ते डोंगरापर्यंत नेलं. "तिच्या डोळ्याला पट्टी आहे. ढग येताहेत."

"नाव, नेरेव."

"व्हिक्टर," आतोबा म्हणाले. "व्हिक्टर, धावपट्टी मोकळी आहे."

मी हसलो. तोंडातून बाहेर पडलंच. मग बघतो तर दुसरं कोणीच हसत नव्हतं. आंब्याखालची माणसं बाबांपासून बाजूला झाली होती, जसं आजारी माणसाला वारा लागावा म्हणून होतात. डोंगरावरून नाव परत आलं. एकदा घेतलं तरी दोनदा ऐकू आलं.

विमान उतरलं. आत्या शिडीवरून खाली आली, एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसरा अजून धुकट. "एवढी शांतता का? कोण गेलं?" तिनं विचारलं. आतोबा तिला घ्यायला शिडीपाशी आले नाहीत. ते खोलीत बसले होते, टोपी मांडीवर तशीच.

बाबांनी विमान जाईपर्यंत वाट बघितली. तेवढी रीत त्यांनी पाळली. मग ते रानात गेले आणि नमेलेची दोन पानं घेऊन आले. लांब, काटेरी, हिरवीगार. ती त्यांनी पट्टीच्या मधोमध रोवली. नमेलेचं पान रोवलं की तिथून माणूस जात नाही, डुक्कर हाकलत नाहीत, आणि विमान तर नाहीच नाही.

संध्याकाळी आतोबांनी आपण होऊन एक डुक्कर, एक चटई आणि वाटून प्यायच्या कावाची मुळी बाबांच्या दारात नेऊन ठेवली. बाबांनी घेतली. म्हणाले, "मेहुणे, तुमचं झालं. जीभ तुमची होती, तिचं तुम्ही दिलंत. पण ज्यानं जिभेला ओढून बाहेर काढलं, त्याचं कुठं आहे? त्या विमानवाल्यानं माझं नाव मागून घेतलं. त्याचं डुक्कर येईपर्यंत पान निघणार नाही."

आता हे सांतोच्या ऑफिसला कसं सांगायचं? फोन मीच केला, इंग्रजी मला येत होती म्हणून. तिकडच्या बाईनं दोनदा विचारलं, "काय पाहिजे?"

"डुक्कर."

"कसलं?"

"साधं. सुळ्याचं असेल तर उत्तम."

"ते मी कुठल्या खर्चात दाखवू?" ती म्हणाली. आणि मग जरा वेगळ्या आवाजात, "हे बघा, तुमच्या बेटाला येऊन तसंही आम्हाला काही सुटत नाही. पट्टी बंद ठेवायची असेल तर ठेवा. आम्ही यादीतून नाव काढतो."

डॅरेननं तिकडे तोंड उघडलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. त्यालाही आपली नोकरी होती.

मंगळवार गेला, विमान नाही. गुरुवार गेला, नाही. खोबऱ्याची बोट इंजिन बिघडून सोलाच्या बंदरात पडली होती, आणि त्या वाऱ्यात होडीनं सांतो गाठायचं तर चांगल्या डोळेवाल्यानंही गाठू नये. आत्या उजव्या डोळ्यात थेंब घालत अंगणात बसे आणि डाव्यानं सगळं नव्यानं बघे. "अगंबाई, कोंबडीला एवढे रंग असतात?" म्हणे. मी तिच्याकडे जायचं टाळत होतो. गेलो की म्हणे, "बस रे, तुझं नाक बघू दे. बापासारखंच आहे की."

मला सगळं कळत होतं. मी उठून बाबांना एवढंच सांगायचं होतं, "ओढून बाहेर काढणारा विमानवाला नाही, मी." पान निघालं असतं, आत्या गेली असती. भोंगा मी लावला हे सगळ्यांना माहीत होतं, त्याबद्दल आईनं दोन दिवस मला बोल लावलेच होते. पण भोंगा हा मूर्खपणा झाला. हे त्याच्या पुढचं होतं. रोज सकाळी मी ठरवी, आज सांगायचं. दुपारी मला पट्टीवरचं गवत कापायचं आठवे. पट्टी बंद होती, तरी मी कापत होतो. नमेलेच्या पानांभोवतीचं तेवढं सोडून.

डॉक्टरांच्या परतीला एकच विमान उरलं, तेव्हा आतोबांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही कावाघरात गेलो. बाबा आणि गावातले चार म्हातारे बसलेले होते. कावा वाटून तयार होता. आतोबा बाबांपासून लांब, खाली मान घालून बसले.

"मेहुणे," ते म्हणाले, "विमानवाल्याला मी सांगितलं होतं. नाव मागायला."

बाबांनी मान वर केली. "तुम्ही?"

"थट्टा करायची होती."

"कोणाची?"

"तुमची."

मेहुण्याची थट्टा! नाव घेण्यापेक्षा हे वाईट. नाव एक वेळ घसरतं, थट्टा घसरत नाही. एक म्हातारा पुटपुटला, "हॅरिसन, डोकं फिरलं का तुझं? आयुष्यात ज्याच्यासमोर खोकला नाहीस..."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आतोबांनी माझ्याकडे न बघता करवंटी उचलली, कावात बुडवली आणि माझ्या हातात दिली.

"पी," ते म्हणाले.

मी प्यायलो. कावा प्यायल्यावर आमच्याकडे बोलत नाहीत. जीभही बधिर होते, त्यामुळे रीत पाळायला सोपं जातं. मी रीत पाळली.

बाबांनी आपली भरलेली करवंटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुमचं सुळेवालं डुक्कर." ते डुक्कर आतोबा आपल्या धाकट्या लेकीच्या लग्नासाठी पाळत होते. सुळा वळून जवळजवळ गोल झाला होता. तोंडानं चावून मऊ केलेला तारोचा कंद ते त्याला भरवत. "आणि रेडिओ. यापुढे मेहुण्यांनी विमानाशी बोलायचं नाही. माझं नाव असलेल्या विमानाशी नाही, आणि नसलेल्याशीही नाही."

"बरं," आतोबा म्हणाले.

"मग बोलेल कोण?" दुसऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी जीभ बधिर होती. त्यांना वाटलं, मी कबूल आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतः पानं उपटली. मी सांतोला फोन करून सांगितलं, पट्टी मोकळी आहे, डुक्कर नको. मेहुणे आले. भोंगा मी कधीच चर्चला परत करून टाकला होता. रेडिओत डॅरेनचा आवाज आला, जरा चोरटा. "नेरेव, व्हिक्टर." मी माईक उचलला. बापाचं नाव घ्यायला मला काही बंधन नाही. "व्हिक्टर, धावपट्टी मोकळी आहे," मी म्हणालो. खिडकीतून बघितलं तर आतोबा काट्यापाशी उभे होते, आत्याच्या वजनातून थोडं काढून तिच्या गाठोड्यावर चढवत. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली होती. मी ती अजून घातलेली नाही.

आत्याचा उजवा डोळाही झाला. परत आली तेव्हा तिनं मला अंगणात समोर बसवलं आणि दोन्ही डोळ्यांनी बघितलं.

"बारीक झालास."

"काम वाढलंय, आत्या. एजंट झालो ना."

"हो, ऐकलं." ती तारो सोलत होती. "त्या गुरुवारी विमानात मी कुठं बसले होते, माहीत आहे? त्या सोललेल्या नाकवाल्याच्या मागच्या खुर्चीत. हसत होता. शेजारच्याला म्हणत होता, खालच्या पोरानं शिकवलंय मला हे. एजंटाच्या बायकोला एवढी इंग्रजी कळते." तिनं सुरी पुसली. "डोळा बांधला होता रे माझा. कान नव्हता बांधला."

"मग तू बाबांना का नाही सांगितलंस?"

"सांगून? भावाला सांगू, तुझा पोरगा असा? मी घरी आल्या आल्या ह्यांना सांगितलं. म्हटलं, पोराला जाऊन बोलू दे, आपण थांबू. ह्यांनी दोन आठवडे वाट बघितली तुझी." एक तारो सोलून झाला, तिनं दुसरा घेतला. "रोज विचारत, आला का गं तो? मी म्हणायची, गवत कापतोय."

मागच्या बाजूनं आतोबा आले. त्यांनी बहुतेक सगळं ऐकलं होतं. माझी मान वर होईना.

"आतोबा, मी..."

"तू काय? थट्टा केलीस. भाच्यानं करायचीच असते." ते खाली बसले. "फक्त जास्त झाली. जास्त झाली की आतोबाला कोंबडा द्यायचा असतो, हे शाळेत शिकवलं नाही वाटतं?"

"देतो. उद्या आणतो."

"लाल आण. मागच्या वेळी रूथच्या भाच्यानं पांढरा दिला, शिजता शिजेना."

मी लाल कोंबडा घेतला. चांगला, उंच तुऱ्याचा. तो माझ्या अंगणातच राहिला.

याला आता बरीच वर्षं झाली. बाबा थकले, पण आंब्याखाली येतात. आतोबा गवत कापतात, वजन घेतात, बायकांचं कमी सांगतात. कंपनी पुन्हा बुडाली, पुन्हा निघाली. मंगळवारचं विमान गेलं, गुरुवारचं कधी येतं, कधी नाही. ते व्ही अक्षराचं विमान सांतोला गवतात उभं आहे, इंजिनं काढून घेतलेली. सांतोहून कोणी आलं की आतोबा अजून विचारतात, "आमचे मेहुणे कसे आहेत?" लोक सांगतात, "आहेत. दारातून वेल आत गेलाय."

गेल्या पावसाळ्यानंतर नवं विमान आलं. शेवटचं अक्षर डब्ल्यू, म्हणजे व्हिस्की. बाबा विमानतळावर आले, शेपटी बघितली आणि मला ऐकू येईल असं आंब्याला म्हणाले, "दारूचं नाव कोणाच्या मेहुण्याचं नसतं. ज्याला बोलायचं असेल त्यानं बोलावं. माझं काही म्हणणं नाही."

मी आत गेलो. आतोबा काट्याशी होते. मी माईक त्यांच्यापुढे धरला. रेडिओ खरखरत होता, नवं विमान हाक मारत होतं. त्यांचा हात उठला. बोटं माईकपर्यंत आली सुद्धा.

"आधी माझा कोंबडा आण," ते म्हणाले, आणि यामची टोपली उचलायला वळले.

आता हे अगदी सोपं आहे. कोंबडा दिला की ते मिटतं. मिटलं की माईक त्यांचा, टोपी त्यांची, आणि मी पुन्हा हमाल. मला दोन मुलं आहेत, आणि एजंट म्हणून गावात मला लोक आधी हाक मारतात. पहिला लाल कोंबडा म्हातारा होऊन मेला. मी लगेच दुसरा घेतला, तोही लालच.

दर गुरुवारी सकाळी मी निघतो तेव्हा तो कुंपणावर चढून आरवतो. आतोबांचं घर पलीकडेच आहे, त्यांना ऐकू जातं. विमानतळावर भेटले की विचारतात, "आवाज चांगला आहे रे त्याचा. वजन किती भरलं?"

मी कमी सांगतो. म्हणतो, "अजून जरा भरू दे, आतोबा."